टॉवेलाखालचा माउस

दौलूआप्पा खोत माउस टॉवेलाखाली घेऊन चालवतात.

खुर्चीवर बसले की आधी खांद्यावरचा टॉवेल काढायचा, एकदा झटकायचा, आणि मग माउस, माउसवरचा हात, मनगट असं सगळं झाकून टाकायचं. तोंड पडद्याकडे नसतं. तोंड खिडकीबाहेर, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्यांकडे. पडदा बघायचा तो डोळ्याच्या कोपऱ्यातून, उधारीवर घेतल्यासारखा. चेहऱ्यावर भाव असा की, टॉवेलाखाली जे काही चाललंय त्याच्याशी आमचा संबंध नाही. टॉवेल मात्र टेबलावर हळूहळू सरकत असतो, मध्येच थांबतो, मध्येच त्याचा एक कोपरा उचलला जातो. क्लासमध्ये नव्यानं आलेला माणूस दारातच थबकतो आणि मला खुणेनं विचारतो, आत ससा आहे का?

मी सांगतो, ससा नाही. आप्पा इंटरनेट बघतायत.

शिवाजी पेठेत पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे. एके काळी कॉलेजची पोरं जिन्यावर रांग लावायची. आता पोरं जन्मतानाच मोबाइल घेऊन येतात, त्यांना मी काय शिकवणार? म्हणून दुपारची बॅच मोठ्या माणसांची सुरू केली. पाटीवर आधी ‘ज्येष्ठांसाठी’ असं लिहिलं होतं. महिनाभर कुणी फिरकलं नाही. कोल्हापुरात माणसाचं वय झालेलं चालतं, ते पाटीवर लिहिलेलं चालत नाही. मग ‘अनुभवी लोकांसाठी’ असं केलं आणि खुर्च्या कमी पडल्या.

लोकांना वाटतं, उतारवयात कॉम्प्युटर शिकणं हा बुद्धीचा प्रश्न आहे. बुद्धी सगळ्यांना असते, ती सकाळी पेपर वाचून झाल्यावरही थोडी उरते. प्रश्न असतो तो भीतीचा. आणि भीतीही कॉम्प्युटरची नसते, शेजारच्या खुर्चीची असते. घरात दहा माणसांना दमात ठेवणारा माणूस माझ्या क्लासमध्ये की-बोर्डवर बोट ठेवताना आधी उजवीकडे बघतो, मग डावीकडे बघतो, आणि मग तापलेल्या तव्याला हात लावावा तसं बटण दाबतो.

आमच्या इनामदारबाईंचंच घ्या. बाईंनी उभी हयात हायस्कूलमध्ये भूगोल शिकवला. त्यांच्या एका नजरेनं वर्गातला पंखासुद्धा हळू फिरत असे म्हणतात. पण कॉम्प्युटरनं चुकीचा ‘टुंग’ असा आवाज काढला की बाई दोन्ही हात मांडीवर घेऊन त्याला म्हणतात, ‘सॉरी हं.’ जन्मभर दुसऱ्याच्या चुकांखाली लाल रेघ ओढली. आता आपल्या चुकीखाली पडद्यावर लाल रेघ उमटली की त्यांना घाम फुटतो. शुद्धलेखनाची ती लाल रेघ कुणी ओढली, असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात दबक्या आवाजात विचारलं होतं.

तर अशा या बॅचमध्ये एके दिवशी दौलूआप्पा आले. पांढरा सदरा, पायजमा, डोक्यावर टोपी, पायात करकर वाजणारी चप्पल. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. थेट कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे गेले आणि त्याला एक प्रदक्षिणा घातली. मागे वाकून वायरी बघितल्या. सीपीयूच्या डब्याला हात लावून अंगात ताप आहे का ते पाहिलं. वरून दोन थापा मारल्या, कान देऊन आतल्या पंख्याचा आवाज ऐकला, आणि सगळ्या क्लासला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘वय झालंया. मागनं ऊन लागतंय. धाप बी लागलीया.’

मी म्हटलं, ‘आप्पा, विकायला नाही काढला. शिकायला आहे.’

‘ठाऊक हाय की,’ ते म्हणाले. ‘पर आदुगर नावं ठेवायची असत्यात. न्हायतर समोरचं चढून बसतंय.’

दौलूआप्पा हेडी होते. हेडी म्हणजे जनावरांच्या बाजारातले दलाल. विकणारा शेतकरी वेगळा, घेणारा वेगळा, आणि मधला सौदा जमवून देणारे हे. वडगावचा सोमवारचा बाजार आप्पांनी तरुणपणापासून एकही चुकवला नाही. लेकीचं लग्नसुद्धा सोमवार सोडून काढलं. हल्ली म्हशींचे फोटोच मोबाइलवर फिरतात, भाव खाली उघडा लिहिलेला असतो आणि त्याखाली लोक अंगठे दाखवतात. आप्पा ते बघून थुंकायचेच बाकी राहतात. त्यांच्या लेखी भाव उघडा सांगणं म्हणजे माणसानं रस्त्यात कपडे बदलणं.

त्यांना शिकायचं काय होतं, ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. बाकी लोक म्हणतात, सर, सगळं बेसिक शिकवा. आप्पांना एकच गोष्ट हवी होती. नेसरीचे बसगोंडा हे त्यांचे जोडीदार. एक विकणाऱ्याच्या बाजूनं, एक घेणाऱ्याच्या, अशी चाळीसेक वर्षं दर सोमवारी गाठ. मागच्या वर्षी बसगोंडांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मुलगा बेंगळुरात नोकरीला, तो बापाला तिकडे घेऊन गेला. आप्पा एकदा जाऊन आले. पण बेंगळूर काही दर सोमवारी जाण्यासारखं नाही, आणि आप्पांची कंबर आता एसटीला घाबरते.

‘मला त्याच्याशी समोरासमोर बसायचं हाय. सोमवारच्या सोमवारी,’ आप्पा म्हणाले. ‘आन् माझं मी लावायचं. कुणी जोडून द्यायचं न्हाय.’

मी म्हटलं, घरी मोबाइल असेल, नातवंडं लावून देतील. तर आप्पांनी उजव्या हाताचं बोट माझ्या नाकासमोर धरलं. दावं धरून धरून त्या बोटाचं लाकूड झालं होतं. ‘मोबाइल ह्ये बोट वळखत न्हाय,’ ते म्हणाले. मी माझ्या मोबाइलवर करून बघितलं. खरंच नाही ओळखलं. आप्पांनी काचेवर बोट रगडलं तरी मोबाइल ढिम्म. ‘आन् लावून दिलं तर घरची समदी मागं हुबी ऱ्हात्यात. आज्जा हसला, आज्जा रडला. सौदा दोन मानसांचा असतोय मास्तर. तिसरं आलं की त्यो तमाशा.’

कसला सौदा, हे मी तेव्हा विचारलं नाही. मला वाटलं, बोलायची पद्धत असेल.

सौदा कसा होतो हे मात्र त्यांनी मला दाखवलं. माझा हात ओढला, टॉवेलाखाली घेतला. भाव तोंडानं बोलायचा नसतो. आजूबाजूला पन्नास कान असतात. त्यामुळे सगळं बोलणं टॉवेलाखाली, बोटांनी. जितकी बोटं धरली तितका आकडा. शेकडा की हजार ते दोघांना ठाऊक. तळव्यावरून नख ओढलं की नाही. समोरच्याची बोटं एकेक करून मिटवली, मूठ केली आणि वरून अंगठा दाबला की ठरलं. मग आभाळ कोसळलं तरी माघार नाही. आणि हे चाललेलं असताना तोंडानं पाऊसपाण्याचं बोलायचं, चेहरा दगडासारखा ठेवायचा. आप्पांनी माझी मूठ दाबली तेव्हा माझा चेहरा दगडासारखा राहिला नाही. संध्याकाळी खडू धरताना बोटं ठणकत होती.

आता या माणसाला क्लिक करायला शिकवायचं होतं.

आप्पा बाण बरोबर चित्रावर नेऊन उभा करायचे. टॉवेल स्थिर. चेहरा मिरच्यांकडे. आणि दाबायचेच नाहीत. मी म्हणायचो, दाबा. ते म्हणायचे, थांबा की. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला वाटलं, बोट दुखतंय. शेवटी एकदा कारण कळलं. ज्या माणसाच्या धंद्यात बोट दाबलं म्हणजे शब्द दिला, तो माणूस समोर काय आहे हे नीट न बघता शब्द देईल कसा? पडद्यावर ‘ओके’ असं लिहून आलं की ते मला विचारायचे, ‘कशाला ओके? काय ठरलंय आमचं?’

डबल क्लिकवर तर ते रागावलेच. ‘एकदा दाबलेलं त्येला कळत न्हाय व्हय? बहिरं हाय का?’

पुढे ‘तुम्हाला खात्री आहे का?’ असा प्रश्न विचारणारी चौकट पडद्यावर आली, तेव्हा मात्र आप्पांच्या डोळ्यांत ओळखीची चमक आली. ही चाल त्यांना ठाऊक होती. त्यांनी टॉवेल उचलला, झटकून खांद्यावर टाकला, आणि ‘ऱ्हाऊ दे, जमत न्हाय’ असं मोठ्यानं म्हणून सरळ खाली चहाला गेले. गिऱ्हाईक उठून चाललं की समोरचा मागून हाक मारतो आणि खाली उतरतो, हा बाजाराचा नियम. अर्ध्या तासानं परत आले तर चौकट तशीच. आप्पांनी इनामदारबाईंना ती दाखवली. ‘बघा. हुबं हाय. गरज त्येला हाय.’

आणि ते ‘अनडू’. चुकलं तर घाबरायचं नाही, ही दोन बटणं एकदम दाबली की केलेलं सगळं मागे जातं, हे मी बॅचला फार नाट्यमय पद्धतीनं शिकवतो. इथे लोक टाळ्या वाजवतात. इनामदारबाईंच्या डोळ्यांत तर पाणी आलं होतं. हे आधी का नाही सांगितलं, म्हणाल्या. आप्पा उठून उभे राहिले.

‘दिलेला शब्द मागं घ्यायची चावी?’

‘तसं नाही आप्पा, चूक झाली तर...’

‘आन् ती समद्यांना ठाऊक हाय?’ त्यांनी आख्ख्या क्लासकडे बघितलं. ‘असल्या मानसाला आमच्यात कुणी पानी बी इचारत न्हाय.’

ती दोन बटणं त्यांनी कधी दाबली नाहीत. नाव टाइप करताना तीन अक्षरं जास्तीची पडली, ती तशीच ठेवली. पडलं ते पडलं.

कॉम्प्युटरची एकच गोष्ट त्यांना मनापासून पटली, ती म्हणजे पासवर्ड. अक्षर दाबलं की नुसता काळा ठिपका उमटतो, हे बघून त्यांनी पहिल्यांदाच पडद्याकडे सरळ तोंड केलं. ‘हितं मात्र खानदानी हाय,’ म्हणाले. त्या दिवसापासून ते कॉम्प्युटरला ‘पावणं’ म्हणू लागले. चालू करताना, ‘उठा की पावणं.’ अडकला तर, ‘काय पावणं, रुसलासा व्हय?’

पण क्लिक काही होईना. महिना गेला. बसगोंडांच्या सुनेचा एकदा मला फोन आला. मामंजी सोमवारी सकाळपासून दाराकडे बघत बसतात, असं ती म्हणाली. मी तो निरोप आप्पांना दिला. त्या दिवशी बाण चित्रावर जाऊन पोहोचला आणि बॅच संपेपर्यंत तिथेच राहिला.

कोडं सोडवलं ते मी नव्हे, इनामदारबाईंनी. त्यांची खुर्ची आप्पांच्या शेजारी. दोघांचं छान जुळलं होतं, म्हणजे रोजचं भांडण. टुंग झालं आणि बाई ‘सॉरी हं’ म्हणाल्या की आप्पा म्हणायचे, ‘म्हसरासमोर भ्यालं की लाथ मारतंय. किती पोरं नापास केलासा बाई? त्येंची हाय लागलीया.’ बाई म्हणायच्या, ‘तुम्ही माझ्या वर्गात असता तर एकाच इयत्तेत म्हातारे झाला असता.’ त्या दिवशी मात्र बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, ‘आप्पा, तुम्ही रोज आल्या आल्या त्या डब्याला थापा मारता. त्या कशाला?’

‘सवय. जनावर बघताना पाठीवर थाप मारायची. कसं चमकतंय ते कळतंय.’

‘थाप मारली म्हणजे म्हैस घेतली असं होतं का?’

‘छ्या. थाप फुकट असती. बाजारात कुणी बी कुनाच्या बी म्हशीला मारतंय.’

‘मग हे क्लिक म्हणजे थाप आहे,’ बाई म्हणाल्या. ‘नुसतं विचारायचं, आत काय आहे. शब्द नाही दिलेला. जिथे शब्द द्यायचा असेल ना, तिथे मी तुम्हाला आधी सांगीन.’

आप्पांनी मिरच्यांकडे तोंड केलं. मग टॉवेलाखाली ‘टक’ झालं. मग ‘टक टक’ झालं. त्यानंतर जे सुरू झालं ते आवरता आवरेना. दिसेल त्या चित्रावर थाप. घड्याळ उघडलं, कॅलेंडर उघडलं, पत्त्यांचा डाव उघडला, कुठल्या तरी परदेशातलं हवामान उघडलं. एकावर एक चौकटी साचल्या आणि कॉम्प्युटर शेवटी बसकण मारून बंद पडला. आप्पा खूश. ‘दमलं,’ म्हणाले. बाई जाग्यावरून म्हणाल्या, ‘थाप मारायला सांगितली होती, हाकायला नाही.’ गंमत म्हणजे त्या दिवसापासून बाईंनीही कॉम्प्युटरची माफी मागणं सोडलं. टुंग झालं की त्या हळूच एक थाप मारू लागल्या.

बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाच्या दिवशी आप्पा सकाळीच आले. हातात पुरणपोळीचा डबा, लाल गोंडा, झेंडूची माळ. घरात आता जनावर नाही. दावणीच्या जागेवर नातवाची मोटरसायकल उभी असते. आप्पांनी गोंडा पडद्याच्या कोपऱ्याला बांधला, माळ घातली, कॉम्प्युटरच्या डब्याला हळदीकुंकू लावलं आणि पोळीचा नैवेद्य दाखवला. मग ती पोळी मला खायला लावली. पावण्यांना दात न्हाईत, म्हणाले. हळद अजून त्या डब्याच्या फटीत आहे. दुरुस्तीला आलेला माणूस तिला गंज समजतो.

आता सगळं येत होतं. चालू करणं, पासवर्ड, बसगोंडांचं नाव शोधणं. उरलं होतं एक हिरवं बटण. सोमवार ठरला. तीन वाजता सुनेनं टॅब बसगोंडांसमोर ठेवायचा आणि बाहेर निघून जायचं, असं मी तिला सांगून ठेवलं. बाकीच्या बॅचला सुट्टी दिली. इनामदारबाई आल्याच. शब्द कुठे द्यायचा ते सांगायचं कबूल केलंय, म्हणाल्या.

तीन वाजले. बाण हिरव्या बटणावर उभा. टॉवेल स्थिर.

‘आप्पा,’ बाई म्हणाल्या, ‘हे ते.’

सव्वातीन झाले. मी म्हटलं, आप्पा, पुन्हा भीती वाटतेय का कॉम्प्युटरची? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. आणि मिरच्यांकडे बघतच त्यांनी सांगितलं, कसला सौदा ते. बसगोंडांना लकवा मारला त्या सोमवारी कपाळावर चांद असलेल्या एका म्हशीचा भाव चालला होता. आप्पा विकणाऱ्याकडून, बसगोंडा घेणाऱ्याकडून. टॉवेलाखाली हातात हात. तोंडानं ऊसतोडीचं बोलणं. बोलता बोलता बसगोंडांचा हात ढिला पडला. आप्पांना वाटलं, भाव पाडायची चाल. जुनी चाल होती ती. हात सैल सोडायचा, गरज नाही असं दाखवायचं.

‘म्हनून मी आनखी आवळला,’ आप्पा म्हणाले. ‘त्यो जात हुता आन् मी भाव वाढवत हुतो.’

खाली गिरणी चालू होती. बाईंनी चष्मा पुसला.

‘त्येच्या घरी गेलतो तवा भोवतीनं समदी. चा पिलो. काय बोलनार? त्येनं मला वळखलं. हाताकडं बघितलं माझ्या.’ मग त्यांनी आम्हाला फर्मावलं, ‘तुमी दोघं तिकडं तोंड करा.’

आम्ही भिंतीकडे तोंड केलं. भिंतीशी एक बंद कॉम्प्युटर होता, आणि बंद पडद्यासारखा आरसा नाही. बाईंचंही लक्ष त्यातच आहे हे मला दिसलं, आणि मला ते दिसलं हे बाईंना दिसलं.

मागे टक झालं.

पडद्यावर खुर्चीत उशा लावून बसवलेला एक म्हातारा आला. तोंड एका बाजूला ओढलेलं, नीट दाढी केलेली. दोघं एकमेकांकडे बघून हसले नाहीत, हात जोडले नाहीत. आप्पा खिडकीबाहेर बघू लागले. तिकडे बसगोंडाही बाजूला बघू लागले. आप्पांचा टॉवेल हलला. आणि तिकडे बसगोंडांनी डाव्या हातानं मांडीवरची शाल ओढून तो हात तिच्याखाली घेतला. शाल हलू लागली. इकडे टॉवेल, तिकडे शाल. मध्ये आख्खं कर्नाटक. दोघंही आपापली बोटं इमानेइतबारे चालवत होते, चेहरे दगडासारखे ठेवून, आणि एकाचं एक अक्षर दुसऱ्यापर्यंत पोहोचत नव्हतं. बाईंच्या तोंडून हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं.

आप्पांच्या ध्यानात आलं. त्यांनी खोलीत एकदा नजर फिरवली. मग टॉवेल काढून मांडीवर ठेवला, आणि ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणाला सौद्याची बोटं उघडी दाखवली नव्हती त्यानं हात वर करून पडद्यासमोर धरला. चार बोटं. तिकडे शाल बाजूला झाली. बसगोंडांनी आपला निर्जीव उजवा तळवा मांडीवर उताणा केला आणि त्यावरून डाव्या हाताचं नख ओढलं.

नाही.

‘खुळा हाईस,’ आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज बाजारातल्यासारखा मोठा झाला होता. ‘म्हस बघितलीस का? कपाळावरचा चांद बघ की गा.’

मग दर सोमवारी तीनला हेच. मी आता भिंतीकडे तोंड करत नाही. आप्पांनीही सांगणं सोडलं. बोलणं सगळं आप्पांचं, ऊस, पाऊस, कोण गेलं, कोण निवडून आलं. बोटं दोघांची. कधी भाव इतका वर जातो की त्या पैशांत हत्ती यावा, कधी बसगोंडा असा पाडतात की आप्पा खुर्चीतून उठून दारापर्यंत जातात आणि परत येतात. येईपर्यंत तिकडे एक डोळा हसत असतो. मी एकदा विचारलं, आप्पा, म्हैस आहे कुणाकडे? ते म्हणाले, ती तवाच गेली, कागलच्या एकानं नेली.

‘मग हे?’

‘सौदा ऱ्हायलाय की,’ आप्पा म्हणाले.

परवाच्या सोमवारी बसगोंडा थकलेले दिसले. उशा वाढल्या होत्या. आप्पांनी गळ्यातला सगळा आवाज काढून कपाळावरच्या चांदाचं वर्णन केलं आणि तीन बोटं दाखवली. बसगोंडा काही वेळ त्या बोटांकडे बघत राहिले. नख ओढलं नाही. त्यांनी डावा हात वर धरला आणि एकेक बोट मिटायला लागले. करंगळी. अनामिका. मधलं. तर्जनीही आली. मूठ तयार झाली. अंगठा तेवढा बाहेर होता, तो हळूहळू खाली येत होता.

टक.

पडदा रिकामा. आप्पांचा हात माउसवर, उघडा. बाण लाल बटणावर. तो तिथपर्यंत कधी गेला हे मलासुद्धा दिसलं नाही. माझ्या क्लासमध्ये इतक्या झटक्यात बटण आजवर कुणी दाबलेलं नाही.

‘नेट गेलं,’ आप्पा म्हणाले.

भिंतीवरच्या नेटच्या डबीत सगळे हिरवे दिवे लुकलुकत होते. इनामदारबाईंच्या पडद्यावर कुणीतरी खणखणीत आवाजात कोथिंबिरीच्या वड्या शिकवत होतं. बाईंनी हात पुढे करून तो आवाज बंद केला.

‘हो,’ त्या म्हणाल्या. ‘माझंही गेलंय.’

आप्पांनी टॉवेल झटकला, खांद्यावर टाकला, डब्याला दोन थापा मारल्या. दाराशी जाऊन चपला घालताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘म्हाताऱ्याला घाई झालीया.’

दोन पायऱ्या उतरून पुन्हा थांबले.

‘फुडच्या सोमवारी नेट नीट ठेवा की मास्तर.’